आप्पांच्या फोनातले टिपके

आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला तो नेमका दसऱ्याच्या तोंडावर. आमचं अमळनेरला मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरींत नवी तार गुंडाळून द्यायचं, दुकान आहे, आणि या धंद्यात दिवाळी ते होळी हीच सुगी. पाऊस गेला की हरभऱ्या-गव्हाला पाणी सुरू होतं. सगळ्या शिवारातल्या मोटरी एकाच वेळी चालू, व्होल्टेज खाली, त्यात डीपीवरचा, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवरचा, एखादा फेज गेला की थ्री फेजची मोटर उरलेल्या दोनांवर गुणगुणत बसते ती जळूनच थांबते. मग शेतकरी ती मोटर फटफटीला आडवी बांधून भर दुपारी दारात उभा. अशा दिवसांत डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशननंतर महिनाभर धूळ नको, वाकून जड उचलणं नको, डोळ्यात पाणी जाता कामा नये. रिवाइंडिंगच्या दुकानात या तीन गोष्टी सोडून दुसरं असतं काय?

दुकान धाकट्या भावानं बघायचं ठरलं. काम त्याला येतं, अडचण फोनची होती. आमच्याकडे फोन करणारा माणूस स्वतःचं नाव सांगत नाही, अहिराणीत एवढंच म्हणतो: "आप्पा शेतस का? मी बोली राह्यनू. मोटर जळनी." झालं. आता हा 'मी' कोण, कोणत्या गावचा, किती एचपीची मोटर, बोअर किती फूट, हे सगळं आप्पांनी ओळखायचं. आप्पा ओळखतातही, कारण स्क्रीनवर नाव येतं: भटू नाना शिरूड ५ १५ २१०. म्हणजे पाच एचपी, पंधरा स्टेज (पंपातले टप्पे), दोनशे दहा फुटांवर सोडलेली. हे आम्ही घरचे असून मला कळायला तिशी उलटावी लागली. धाकट्याला ते अजून कळत नव्हतं. त्याला वाटायचं हा नंबरचाच काही भाग असेल.

फोनच त्याच्या हातात द्यावा, तर त्या फोनची उजवीकडची पट्टी मेलेली. बोटानं दाबलं तर कधी लागतो, कधी भलत्यालाच लागतो. शेवटी मी म्हटलं, सगळे नंबर एक्सेलमध्ये काढते, गावाप्रमाणे लावते, प्रिंट काढून दुकानात टांगू. मी जळगावला एका सीएच्या ऑफिसात कामाला. एक्सेल म्हणजे रोजचं भाकरी थापणं. अर्ध्या तासाचं काम, असं बोलून गेले. तीन रविवार गेले.

पहिला अर्धा तास तर ॲपमध्येच वाया. नंबर थेट एक्सेलमध्ये काढून देणारी कितीतरी फुकट ॲपं मिळतात. त्यातलं एक टाकलं. त्यानं कॉन्टॅक्ट मागितले, ते ठीक. मग मेसेज वाचायची परवानगी मागितली, मग कॉलची यादी, मग लोकेशन. नंबरांची यादी करायला आप्पा कुठे उभे आहेत हे कशाला लागतं? काढून टाकलं. ते नंबर आमच्या मालकीचे नाहीत. लोकांनी मोटरीसाठी दिले, उद्या त्यांना कर्जाचे फोन यायला लागले तर शिव्या आप्पांनाच.

आणि ॲपची गरजही नसते. अँड्रॉइड फोनात गूगलचं कॉन्टॅक्ट्स ॲप असलं की त्यातच 'ऑर्गनाइझ' म्हणून जागा आहे (आधी तिचं नाव 'फिक्स अँड मॅनेज' होतं), तिथे 'एक्स्पोर्ट टू फाइल'. दोन टिचक्यांत फाइल तयार. आयफोनवाल्यांना आयक्लाउडच्या संकेतस्थळावरून तशीच फाइल काढता येते. पण त्याआधी एक गोष्ट बघायला हवी होती, ती मी बघितली नाही, म्हणून पहिली फाइल निघाली तीनशे एक्केचाळीस नावांची. आप्पा म्हणाले, "इतलाच? मना बाकीना नंबर कोठे गयात?"

गेले कुठेच नव्हते. फोनात नंबर दिसतात एका यादीत, राहतात मात्र तीन घरी. काही गूगलच्या खात्यात, काही नुसत्या फोनच्या मेमरीत, काही सिमकार्डात. नवीन नंबर सेव्ह करताना फोन विचारतो 'कुठे ठेवू?', आणि आप्पा जे आधी दिसेल ते दाबतात. हिशेब लावला तेव्हा गूगलमध्ये ३४१, फोनमध्ये ९०२ आणि सिममध्ये १९३. एकूण १,४३६. फोन पाण्यात पडला असता तर ९०२ माणसं बुडाली असती. गूगलमध्ये 'सगळं आपोआप असतंच' म्हणणाऱ्यांनी एकदा हे आपल्या फोनात बघून घ्यावं.

सिममधले नंबर सगळ्यात जुने, आणि सगळ्यात लुळे. सिममध्ये साधारण अडीचशे नावांची जागा असते आणि नावाला अक्षरंही मोजकीच. मराठीत लिहिलं तर आणखी कमी, कारण देवनागरी अक्षराला जागा जास्त लागते. त्यामुळे तिथे 'सुकदेव पातोंडा' याचा 'सुकदेव पा' झालेला. हा पा म्हणजे पातोंडा, पारोळा, पाडळसे की नुसताच पाटील? ही कोडी पुढे आप्पांसमोर ठेवायची म्हणून वेगळी काढली. सिममधले आधी फोनात घेतले, फोनातले आणि गूगलमधले मिळून पुन्हा एक्स्पोर्ट केले, तेव्हा कुठे पूर्ण फाइल हाती आली.

तिच्या नावाच्या शेवटी व्हीसीएफ. ही व्हीकार्डची फाइल, म्हणजे प्रत्येक माणसाचं एक कार्ड, सगळी एकाखाली एक. एक्सेलला ती सरळ कळत नाही. सहज नोटपॅडमध्ये उघडली. आप्पा मागून डोकावले. प्रत्येक कार्डाच्या वर 'बिगिन', खाली 'एंड', आणि मध्ये नावाच्या जागी बरोबरच्या चिन्हांची माळ: बरोबर, ई-शून्य, बरोबर, ए-चार, बरोबर, आणखी काहीतरी. "हाई काय लिखेल शे? भटूना नंबर इकडे शे का?" मलाही क्षणभर वाटलं फाइल बिघडली. बिघडलेली नव्हती. बरेच फोन व्हीकार्डची जुनी २.१ आवृत्ती लिहितात, त्यात इंग्रजीबाहेरची अक्षरं अशी सांकेतिक करून ठेवतात. एका देवनागरी अक्षराला तीन बाइट, आणि पहिला बाइट नेहमी तोच. म्हणून पान उघडलं की सगळीकडे ई-शून्य, ई-शून्य दिसतं. ते हातानं उकलायचं नसतं. ती फाइल गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये कॉम्प्युटरवरून इम्पोर्ट केली की तोच सगळं सरळ मराठीत मांडतो, आणि मग तिथून 'एक्स्पोर्ट' करून सीएसव्ही काढता येते. सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकुराची फाइल, ती एक्सेलला चालते. रस्ता असा वळसा घालून जातो.

इथे मी काय शहाणपणा केला, तर ती फाइल माझ्याच खात्यात इम्पोर्ट केली. म्हटलं, काढते आणि पुसते. काढेपर्यंत माझा फोन जागा झाला आणि त्यानं इमानेइतबारे सगळं ओढून घेतलं. सोमवारी ऑफिसात व्हॉट्सॲप उघडलं तर यादीत अर्धा तालुका. साहेबांना मेसेज टाकायचा म्हणून 'पाटील' शोधलं, तर पाटलांची दिंडीच निघाली, आणि तीत आमचे साहेब कुठल्या कुठे. 'पाटील साहेब सीए' आणि 'पाटील साहेब ३ एचपी ओपनवेल' यांच्यात बोट घसरायला किती वेळ लागतो? सुदैवानं गूगल कॉन्टॅक्ट्सच्या सेटिंगमध्ये 'अन्डू चेंजेस' आहे. दहा मिनिटांपूर्वी, तासापूर्वी, कालच्यासारखं, किंवा तीस दिवसांच्या आत पाहिजे त्या वेळेसारखी यादी पूर्ववत होते. तेवढ्यानं वाचले. मग दुकानाच्या नावानं नवं कोरं खातं काढलं आणि फाइल त्यात घातली. हे पहिल्यांदाच करायचं असतं.

सीएसव्ही निघाली. मी तिच्यावर दोनदा टिचकी मारून एक्सेलमध्ये उघडली, जशी रोज शंभर फायली उघडते तशी. नावांच्या जागी डोक्यावर टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं, चलनाची चिन्हं, उलटसुलट अवतरणं. एकही मराठी अक्षर नाही. आणि नंबरांच्या कॉलममध्ये सगळीकडे नऊ पूर्णांक काहीतरी, ई अधिक अकरा. एक्सेलला ते फोन नंबर वाटलेच नाहीत, त्याला त्या संख्या वाटल्या. ज्या नंबरांच्या आधी देशाचा ९१ जोडलेला होता ते झाले बारा आकडी, आणि एवढी मोठी संख्या दिसली की एक्सेल ती शास्त्रज्ञासारखी आखडून लिहितो. नुसती दिसायला आखडली असती तर हरकत नव्हती. पण मी सवयीनं कंट्रोल एस दाबलं. सीएसव्हीत जे दिसतं तेच जतन होतं. फाइल पुन्हा उघडली तेव्हा त्या नंबरांच्या शेपटाला शून्यांची रांग लागलेली. कितीतरी शेतकऱ्यांचा एकच नंबर. ज्या नंबरांत मध्ये जागा सोडलेली होती ते तेवढे बचावले, कारण जागेमुळे एक्सेलनं त्यांना मजकूर समजलं.

सहा वर्षं रोज एक्सेल वापरून माझी ही गत. मूळ फाइल जागेवर होती म्हणून रडायची वेळ आली नाही. करायचं असतं ते असं: कोरं एक्सेल उघडायचं, 'डेटा'मध्ये जाऊन 'फ्रॉम टेक्स्ट ऑर सीएसव्ही' घ्यायचं, 'फाइल ओरिजिन'मध्ये ६५००१ म्हणजे यूटीएफ-८ निवडायचं की मराठी सरळ होतं, आणि आत घेण्याआधी नंबरांच्या कॉलमला 'टेक्स्ट' करायचं. मी घरी गूगल शीट्समध्ये केलं. तिथे मराठी आपोआप नीट येतं, फक्त इम्पोर्ट करताना 'मजकुराचे आकडे, तारखा, सूत्रं करा' अशा अर्थाची एक खूण असते ती काढून टाकायची. तेवढी एक खूण.

दुसरा फटका लँडलाइनला बसतो तो सहज दिसत नाही. अमळनेरचा एसटीडी कोड ०२५८७, जळगावचा ०२५७. संख्या समजलं की पुढचं शून्य गळतं आणि उरतात बरोबर दहा आकडे. दिसायला अगदी मोबाइलसारखे! आपल्याकडे मोबाइल नंबर सहा, सात, आठ किंवा नऊनं सुरू होतो. म्हणून दोननं सुरू होणारे दहा आकडे दिसले की समजायचं, याचं शून्य वाटेत सांडलं. आप्पांच्या यादीत असे बावीस होते, बहुतेक जुन्या दुकानदारांचे आणि तार देणाऱ्या व्यापाऱ्यांचे. त्यातले किती आता लागतात कोण जाणे.

नंबर निस्तरले. आता नावं. गूगलनं प्रत्येक नावाचे आपल्या मनानं तुकडे पाडले होते, पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव. त्याला काय माहीत की आमच्याकडे आडनाव कोणी लिहीत नाही. गूगलच्या लेखी शेवटचा शब्द तो आडनाव. त्यामुळे आडनावांच्या कॉलममध्ये ओळीनं 'एचपी', 'स्टेज', 'विहीर', 'जावई', 'हिरवी मोटर', 'टाकीजवळ' अशी घराणी जमली होती. श्रीयुत भिकन जळाली. श्रीयुत हिलाल दोनशेचाळीस. धाकटा हसून हसून आडवा. मी सगळे तुकडे पुन्हा जोडून एका कॉलममध्ये आणले, कारण हे नाव कोणत्याही यंत्राच्या खणात बसणारं नव्हतंच.

त्यातून गाव वेगळं काढायचं होतं. दुसऱ्या पानावर गावांची यादी केली: शिरूड, मारवड, पातोंडा, जानवे, मांडळ, दहिवद, अमळगाव, कळमसरे, पाडळसे, मुडी, तापीपलीकडची चार, पारोळ्याकडची सात-आठ. मग सूत्र लावलं की नावाच्या मजकुरात यातलं कोणतं गाव आहे ते शोधून शेजारी लिही. अर्ध्याहून जास्त ओळी रिकाम्या राहिल्या. कारण शिरूडमधला रू आप्पा मनाला येईल तसा लिहितात, कधी ऱ्हस्व कधी दीर्घ. आपण वाचताना सांभाळून घेतो, सूत्र सांभाळून घेत नाही. जुनी नावं इंग्रजी अक्षरांत, मधली मराठीत, आणि गेल्या काही वर्षांतली बोलून टाकलेली. कोणीतरी आप्पांना माइकचं बटण दाखवलं होतं. तेव्हापासून आप्पा बोलतात आणि फोन त्याला जे ऐकू येईल ते लिहितो. त्यानं मांडळचं मंडल केलं, मारवडचं मारवाड केलं, आणि लोण गावाचं केलं लोन. 'उखा लोन', 'धुडकू लोन', 'सुकलाल लोन मोठं'. मला वाटलं आप्पांनी एवढ्या लोकांकडून कर्ज काढलंय की काय! आकड्यांचंही तेच. कुठे मराठी पाच, कुठे इंग्रजी पाच. डोळ्याला सारखे, यंत्राला दोन वेगळ्या जाती. आधी सगळे एका लिपीत आणले, मगच एचपीप्रमाणे लावता आले.

एकच नंबर दोन-तीन नावांनी असणं हे तर होणारच होतं. सिममधून आले, फोनमधून आले, गूगलमधून आले. गूगल आपणहून सुचवतं की सारखी दिसणारी नावं जुळवून एक करू का. मी एकदाही 'हो' म्हटलं नाही. आमच्या यादीत 'भटू पाटील' नऊ आहेत आणि नऊही वेगळे. त्यांना एक केलं असतं तर नऊ बोअरचं पाणी एका विहिरीत. उलट मी नंबर धरून बघितलं. प्रत्येकातले नुसते आकडे ठेवले, उजवीकडचे दहा घेतले आणि कोणता दोनदा येतो ते मोजलं. तेव्हा एक नंबर चार नावांनी निघाला. मी तीन पुसायला घेतले तर आप्पांनी हात धरला. चार भाऊ, फोन एकाकडे, मोटरी चार. चारही नावं खरी.

आणि आता ते टिपके.

साफसफाई करताना दिसलं की बऱ्याच नावांपुढे पूर्णविराम आहे. काहींपुढे एक, काहींपुढे दोन. बोट चुकून लागलं असणार, आप्पांच्या फोनाची ती मेलेली पट्टी. मी 'शोधा आणि बदला'मध्ये टिंब घातलं, बदल्यात काहीच नाही, आणि 'सगळे बदला' दाबलं. दीडशेच्या वर टिंबं एका फटक्यात गेली. यादी कशी आंघोळ केल्यासारखी दिसायला लागली. मला फार बरं वाटलं, ऑफिसात असंच करतो आम्ही.

दुसऱ्या रविवारी आप्पांना लॅपटॉपवर यादी दाखवली. आप्पांनी चष्मा वर केला, उजवा डोळा बारीक केला आणि वरपासून वाचायला लागले. वाचता वाचता थांबले. "टिपका कोठे गयात?"

मी म्हटलं, कोणते टिपके?

"नावना आंगे व्हतात त्या."

मी सांगितलं, ते कचरा होते, काढले. आप्पा काही बोलले नाहीत. उठून माठातलं पाणी प्यायले. परत येऊन बसले आणि म्हणाले, "त्या टिपकाच तं मनी वही शे."

एक टिपका म्हणजे बाकी आहे. दोन टिपके म्हणजे पुढच्या वेळी आधी मागचे पैसे, मग मोटर खोलायची. टिपका पुढे लावला की तो माणूस फोनच्या यादीत सगळ्यात वर येतो, म्हणून आप्पा रोज सकाळी दुकान उघडताना वरची यादी एकदा बघतात. कोणाचा कापूस विकला गेला, कोणाची केळी कापली गेली हे बाजारात कानावर येतंच, मग त्याला फोन. पैसे आले की नावात जाऊन टिपका पुसायचा. आमच्या घरी उधारीची लाल वही होती ती मला लहानपणापासून आठवते, आणि ती बंद झाली तेव्हा आम्ही समजलो की आप्पांनी आता उधारी बंद केली. उधारी बंद झालीच नव्हती, ती फोनात राहायला गेली होती. किती रुपये ते मात्र लिहिलेलं नाही. ते डोक्यात. मी विचारलं, आणि तीन टिपके? यादीत असा एकच होता. आप्पा म्हणाले, त्याचा फोन उचलायचाच नाही. कोण तो, ते मी इथे लिहीत नाही, पण आमच्या नात्यातला आहे.

मूळ व्हीसीएफ फाइल होती म्हणून टिपके परत मिळाले. पुन्हा इम्पोर्ट, पुन्हा सीएसव्ही, आणि या वेळी पहिलं काम म्हणजे 'टिपके' नावाचा वेगळा कॉलम, त्यात प्रत्येक नावापुढे किती टिंबं ती संख्या. मग बाकीची आंघोळ. मूळ फाइलला तेव्हापासून मी हात लावलेला नाही. तिची एक प्रत पेनड्राइव्हवर, एक त्या नव्या खात्यात.

या प्रकारानंतर आप्पांना बाजूला बसवल्याशिवाय एकही ओळ पुसायची नाही असं ठरलं. तिसरा रविवार संबंध ओट्यावर गेला. आई कळण्याची भाकरी आणि ठेचा तिथेच आणून देई. मी नाव वाचायचं, आप्पांनी सांगायचं. 'सुकदेव पा' हा पातोंड्याचा निघाला, कारण पारोळ्याच्या सुकदेवला आप्पा सुका म्हणतात. 'पांढरी गाडी' हा माणूस नसून पंप पोचवणारा टेम्पो. 'नको' नावाची एक नोंद होती. ती कोणाची, आप्पांनाही आठवेना, पण "राहू दे, काही कारन व्हई."

काही नावांशी आप्पा थांबायचे. त्यातले बरेच जण आता नाहीत. मी ओळ पुसायला गेले की म्हणायचे, "नाना गया, पन नंबर चालू शे. आंडोर उचलस." म्हणजे आता मुलगा उचलतो. मोटर तीच, बोअर तोच, फोन तोच, उचलणारा आवाज बदलला. नाव कशाला बदलायचं? मी म्हटलं, धाकटा फोन करून 'नाना आहेत का' विचारेल त्याचं काय. त्यावर आप्पा जरा वेळ गप्प बसले आणि मग आम्ही आणखी एक कॉलम केला, 'कोण उचलतं'. त्यात मुलगा, सून, पुतण्या, एका ठिकाणी 'सालदार' असं लिहिलं. हा कॉलम मी कुठल्याही तयार नमुन्यात बघितलेला नाही, आणि आज धाकटा सगळ्यात आधी तोच बघतो.

शेवटी ओळी उरल्या १,०८८. कॉलम असे: नाव, गाव, नंबर, दुसरा नंबर, कोण उचलतं, एचपी, स्टेज, फूट, पंपाचा प्रकार (सबमर्सिबल की ओपनवेल की मोनोब्लॉक), आणि टिपके. दुसरा नंबर वेगळा करावा लागला, कारण गूगलच्या सीएसव्हीत एकाच प्रकारचे दोन नंबर कधी कधी एकाच चौकटीत येतात, मध्ये तीन जोडटिंबं घालून. तेवढं फोडायला पाच मिनिटं लागली. तारेचा गेज (जाडी) आणि टर्न (वेढे) हा कॉलम मी आखून ठेवला होता, आप्पांनी तो भरू दिला नाही. म्हणाले, ते मोटर खोलल्यावर मोजायचं असतं, कागदावरून वाइंडिंग करणारा कारागीर नव्हे. मला हे पटलं नाही. धाकट्याला पटलं, दुकान त्याचं, मी कॉलम काढून टाकला.

मग मी हौसेनं नवा फोन घेऊन आले आणि त्यात ही नवी, सुरेख लावलेली यादी घालायला निघाले. तेही होतं. गूगलच्या सीएसव्हीत कॉलमच्या डोक्यावर जी नावं असतात ती तशीच ठेवली तर तीच फाइल उलट इम्पोर्ट होते. आप्पांनी दोन मिनिटं नवा फोन हातात फिरवला. पहिलं नाव, आडनाव, गाव खाली बारीक अक्षरांत. 'भटू नाना शिरूड ५ १५ २१०' कुठे दिसेना. "माले जुनंच पाहिजे," म्हणाले. मग नव्या फोनात ती मूळ पूर्ण व्हीसीएफच घातली, 'लोन' आणि 'नको' आणि टिपक्यांसकट, फक्त या वेळी सगळं एकाच गूगल खात्यात. शीट धाकट्याच्या मोबाइलवर, आणि बघायची परवानगी आम्हा तिघांनाच. व्हॉट्सॲपवर इकडून तिकडे पाठवलेल्या फायली मी बसून एकेक पुसल्या.

ऑपरेशन झालं. आप्पा हिरवी पट्टी लावून घरी, दर चार तासांनी थेंब. पहिल्याच आठवड्यात मांडळहून फोन आला, "आप्पा, मी बोली राह्यनू." धाकट्यानं नंबर शोधला, ओळ बघितली आणि म्हणाला, "काका, साडेसातची ना? घेऊन या." आणि मग कॉलम बघून, "आणि मागचं थोडं बाकी दिसतंय." पलीकडे बराच वेळ शांतता. मग विचारलं, "हाई तुले कोनी सांगं?"

प्रिंट मी काढली होती ती दुकानात तारेच्या बंडलाशेजारी खिळ्याला टांगली आहे. परवा गेले तेव्हा बघितलं, आप्पा परत दुकानात बसायला लागलेत. फोन नवा असला तरी शाई त्यांना बरी वाटते म्हणे. समासात निळ्या पेनानं सतरा-अठरा नवीन नावं, आडवीतिडवी, आणि छापलेल्या काही नावांपुढे पेनानंच ठसठशीत टिपके. एका ठिकाणी टिपका आधी दिलेला आणि मग त्यावर फुली. मी म्हटलं, हे शीटमध्ये कोण टाकणार? आप्पांनी धाकट्याकडे बघितलं, धाकट्यानं माझ्याकडे. रविवारी जायचंय.